जीपीयूवर पृष्ठभागाचा प्रकाश वास्तवाजवळ आणि वेगात कसा मोजावा

१९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर प्रत्येक फ्रेमला साधारण १६.६७ मिलिसेकंद मिळतात आणि पिक्सेल शेडर, म्हणजे जीपीयूवर (ग्राफिक्स प्रोसेसरवर) एकेका पिक्सेलचा रंग काढणारा छोटा प्रोग्राम, सेकंदाला किमान १२.४४ कोटी वेळा चालतो. एकामागे एक असलेल्या वस्तूंमुळे तोच पिक्सेल दोन-तीनदा रंगवला गेला, तर हा आकडा त्याच पटीत वाढतो. दुसरीकडे, जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडलेले रेंडरिंग समीकरण असे सांगते की पृष्ठभागाच्या एका बिंदूतून डोळ्याकडे येणारा प्रकाश काढायचा असेल, तर त्या बिंदूवरच्या अर्धगोलातील प्रत्येक दिशेने येणारा प्रकाश, त्या दिशेसाठीचे परावर्तन आणि कोनाचा कोसाइन यांचा गुणाकार करून त्या सर्वांची बेरीज करावी लागते. नमुन्यादाखल १,००० दिशा घेतल्या तरी हे गणित सेकंदाला १२,४०० कोटींहून अधिक वेळा करावे लागेल. साध्या फोनवर ते शक्य नाही, आणि महागड्या ग्राफिक्स कार्डावरही इतर कामांना जागा उरणार नाही.

यातून वाट काढण्याची रीत एकच आहे: प्रत्येक राशी किती वेळा बदलते ते पाहून तिची जागा ठरवणे. जे दृश्य तयार होतानाच ठरते ते आधी मोजून टेक्स्चरमध्ये (शेडर वाचतो त्या चित्रासारख्या तक्त्यात) ठेवावे, जे फ्रेमगणिक बदलते ते फ्रेमला एकदाच काढावे, आणि पिक्सेल शेडरच्या वाट्याला फक्त तेवढेच गणित द्यावे जे खरोखर पिक्सेलगणिक बदलते. वेगासाठी गणित ढोबळ करायला हरकत नाही, परंतु त्याने चित्रात नेमके काय बिघडते आणि ते कोणत्या कोनातून दिसते हे ठाऊक नसताना ते करू नये, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक खराब दिसणारी दृश्ये कमी गणितामुळे नव्हे, तर चुकीच्या ठिकाणी केलेल्या काटकसरीमुळे खराब दिसतात.

समजण्यासाठी एक साधे दृश्य घेऊ. ओसरीवर, कोब्याच्या घोटीव जमिनीवर तांब्याची कळशी ठेवलेली आहे; मागे तेलरंग दिलेले लाकडी दार आहे; बाजूने दिवसाचा उजेड येतो आहे आणि वर एक दिवा पेटलेला आहे. धातू, अधातू, भोवतालचा प्रकाश आणि एका ठिकाणाहून येणारा प्रकाश अशा चारही गोष्टी या दृश्यात आहेत.

रंगांची साठवण

पहिली पायरी रंगांच्या साठवणीची आहे, आणि ती चुकली तर पुढचे सारे व्यर्थ जाते. चित्रांच्या फायलींमधले रंग एसआरजीबी पद्धतीने साठवलेले असतात. त्यात २५५ पैकी १२८ हे मूल्य म्हणजे निम्मा प्रकाश नव्हे, तर जवळपास ०.२१६ इतकाच प्रकाश असतो. प्रकाशाची बेरीज-गुणाकार रेषीय, म्हणजे प्रकाशाच्या थेट प्रमाणात असलेल्या, मूल्यांवरच करता येते. म्हणून मूळ रंगाच्या टेक्स्चरचा प्रकार एसआरजीबी असा नोंदवावा, म्हणजे टेक्स्चर वाचतानाच जीपीयूचे हार्डवेअर ते रूपांतर करून देते आणि शेडरमध्ये त्यासाठी काही लिहावे लागत नाही. नॉर्मल मॅप (पृष्ठभाग कोठे कसा कलला आहे ते), रफनेस (खरखरीतपणा) आणि मेटॅलिक (धातू आहे की नाही ते) यांची टेक्स्चरे मात्र रंग नसून मोजमापे असतात. त्यांना एसआरजीबी ठरवले तर गुळगुळीत आणि खरखरीत यांच्यातला फरकच बदलून जातो. प्रकाशाचे उत्तर १६ बिटांच्या फ्लोट टार्गेटमध्ये (दशांश संख्या ठेवणाऱ्या तात्पुरत्या चित्रात) लिहावे, आणि टोन मॅपिंग (प्रखर मूल्ये पडद्याच्या आवाक्यात बसवणे) व पडद्यासाठीचे रूपांतर अगदी शेवटी, सर्व फ्रेमवर एकदाच करावे.

द्रव्याचे वर्णन

डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी २०१२ मध्ये द्रव्याच्या वर्णनाची जी पद्धत मांडली, तिचेच सोपे रूप आज बहुतेक गेम इंजिनांत आढळते: मूळ रंग, मेटॅलिक आणि रफनेस. चित्रकार जो रफनेस देतो त्याचा वर्ग करून मिळणारी राशी, म्हणजे अल्फा, सूत्रांत वापरली जाते. असे केल्याने रफनेसचा सरकपट्टा डोळ्याला सारख्या टप्प्यांनी बदलणारा वाटतो.

दुसरी महत्त्वाची राशी म्हणजे समोरून पाहिल्यावर किती प्रकाश परावर्तित होतो. तिला एफ-शून्य म्हणतात. अपवर्तनांक १.५ असलेल्या पदार्थासाठी ती ०.०४ येते, म्हणजे दाराचा रंग, लाकूड, प्लास्टिक, दगड या सर्वांसाठी एकच ठरावीक संख्या पुरते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने त्याची एफ-शून्य ०.०२ आहे. धातूंची गोष्ट वेगळी: तांब्यासाठी लाल, हिरव्या आणि निळ्या घटकांत ती जवळपास ०.९५, ०.६४ आणि ०.५४ अशी असते, आणि आत शिरलेला प्रकाश धातू शोषून घेत असल्याने विखुरलेले परावर्तन (आत शिरून सर्व दिशांना बाहेर पडणारा प्रकाश) उरतच नाही. त्यामुळे मेटॅलिक हे मूल्य शून्य किंवा एक असेच ठेवावे. मधली मूल्ये फक्त दोन द्रव्यांच्या सीमेवर, टेक्स्चर गाळले जाताना आपोआप येतील तेवढीच असावीत. कळशीवर चढलेला हिरवा कळंक हा धातू नाही, तांब्याचे क्षार आहेत, म्हणून तेवढ्या भागाचे मेटॅलिक शून्य करावे आणि रफनेस वाढवावा. हे न करता नुसता हिरवा रंग दिला तर कळशीला हिरव्या धातूचे ठिगळ लावल्यासारखे दिसते.

रफनेस, मेटॅलिक आणि कोपऱ्यांतला अंधार सांगणारा ऑक्लूजन मॅप ही तिन्ही मूल्ये एकाच टेक्स्चरच्या तीन चॅनेलमध्ये भरावीत. तीन वाचनांऐवजी एक वाचन होते, आणि फोनवर तर मेमरीतून आणलेला प्रत्येक बाइट बॅटरीच्या हिशेबात मोजला जातो.

एका दिव्याचा प्रकाश

बुई तुओंग फाँग यांनी १९७५ मध्ये आणि जिम ब्लिन यांनी १९७७ मध्ये चकाकीची जी सूत्रे दिली, त्यांवर संगणकचित्रणाने अनेक वर्षे काढली. ती स्वस्त आहेत, पण मूळ रूपात त्यांत ऊर्जेचा हिशेब जुळत नाही: चकाकी लहान केली तरी तिची तीव्रता वाढत नाही, त्यामुळे गुळगुळीत वस्तू निस्तेज दिसतात आणि दृश्यातला उजेड बदलला की प्रत्येक द्रव्य नव्याने जुळवावे लागते. आजची पद्धत सूक्ष्मपृष्ठांच्या कल्पनेवर उभी आहे. पृष्ठभाग हा डोळ्याला न दिसणाऱ्या असंख्य चिमुकल्या आरशांचा बनलेला आहे असे धरायचे, आणि त्यांपैकी किती आरसे प्रकाशाला बरोबर डोळ्याकडे वळवतील ते मोजायचे. टोरन्स आणि स्पॅरो यांनी १९६७ मध्ये भौतिकशास्त्रात मांडलेली ही कल्पना कुक आणि टोरन्स यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकचित्रणात आणली.

पृष्ठभागाच्या नॉर्मलला (त्याच्याशी काटकोनात असलेल्या दिशेला) एन, दिव्याकडच्या दिशेला एल, डोळ्याकडच्या दिशेला व्ही आणि एल व व्ही यांच्या मधल्या दिशेला एच म्हणू. एन·एच म्हणजे त्या दोन दिशांमधल्या कोनाचा कोसाइन. चकाकी म्हणजे तीन पदांचा गुणाकार. पहिले पद आरशांच्या वितरणाचे. त्यासाठी ब्रूस वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जीजीएक्स या नावाने मांडलेले सूत्र वापरावे. ट्रोब्रिज आणि राइट्झ यांनी १९७५ मध्ये दिलेले सूत्र हेच आहे. येथे आणि पुढे ‘पाय’ म्हणजे π ही संख्या.

वितरण = अल्फा² ÷ [पाय × ((एन·एच)² × (अल्फा² − १) + १)²]

याची चकाकी मधोमध तीव्र असते आणि कडेला हळूहळू विरत जाते. घासलेल्या तांब्यावर दिव्याच्या ठिपक्याभोवती जी मंद प्रभा दिसते, ती याच विरत जाण्यातून येते. दुसरे पद दृश्यतेचे. काही आरसे इतरांच्या आड जातात, त्याचा हिशेब ते ठेवते. मूळ सूत्राच्या छेदात असलेला ४ × एन·एल × एन·व्ही हा भाग यातच मिसळून टाकावा, म्हणजे एक भागाकार वाचतो आणि शून्याने भागण्याचा धोकाही कमी होतो.

दृश्यता = ०.५ ÷ [एन·एल × √((एन·व्ही)² × (१ − अल्फा²) + अल्फा²) + एन·व्ही × √((एन·एल)² × (१ − अल्फा²) + अल्फा²)]

यातले पहिले वर्गमूळ फक्त डोळ्याच्या दिशेवर अवलंबून आहे, दिव्यावर नाही. म्हणून दिव्यांच्या लूपच्या बाहेर ते एकदाच काढून ठेवावे. कंपायलर दर वेळी ते आपणहून करेलच असे गृहीत धरू नये. फोनसाठी दोन्ही वर्गमुळे टाळायची असतील तर छेदात २ × एन·एल × एन·व्ही आणि एन·एल + एन·व्ही या दोन राशींच्या मधले, अल्फाच्या प्रमाणातले मूल्य घ्यावे. त्याने येणारा फरक सहसा नजरेत भरत नाही, आणि मला ही तडजोड बिनधास्त करण्याजोगी वाटते.

तिसरे पद फ्रेनेलचे: नजर जितकी तिरपी, तितके परावर्तन जास्त. क्रिस्तोफ श्लिक यांनी १९९४ मध्ये दिलेले सोपे रूप पुरेसे आहे: एफ-शून्य + (१ − एफ-शून्य) × (१ − व्ही·एच)⁵. येथे पाचवा घात काढण्यासाठी घाताचे तयार फंक्शन वापरू नये. जीपीयू त्याचे लॉगरिदम आणि घातांक अशा दोन खास क्रियांत रूपांतर करते. त्या क्रिया साध्या गुणाकारापेक्षा मंद असतात, शिवाय ऋण संख्येवर त्यांचे उत्तर निश्चित नसते. वर्ग, वर्गाचा वर्ग आणि मग मूळ संख्येने गुणणे, असे तीन गुणाकार पुरतात.

विखुरलेल्या परावर्तनासाठी लांबर्ट यांचा १७६० सालचा नियमच वापरावा: मूळ रंग भागिले पाय, गुणिले (१ − फ्रेनेल) आणि (१ − मेटॅलिक). याहून गुंतागुंतीची सूत्रे उपलब्ध आहेत, पण कोब्याच्या जमिनीवर त्यांचा फरक ओळखू येणे कठीण आहे, आणि वाचलेले गणित इतरत्र जास्त उपयोगी पडते. शेवटी दोन्ही परावर्तनांच्या बेरजेला एन·एल ने आणि दिव्याच्या तीव्रतेने गुणावे. दिव्याची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटवावी, पण ती कधीच पूर्ण शून्य होत नसल्याने प्रत्येक दिव्याला एक त्रिज्या द्यावी आणि अंतर भागिले त्रिज्या याचा चौथा घात एकातून वजा करून, ऋण आल्यास शून्य धरून, त्याच्या वर्गाने गुणावे. दिवा मग त्रिज्येपाशी अलगद संपतो, आणि दूरच्या पिक्सेलना त्याचा विचारच करावा लागत नाही.

सोळा बिटांतले धोके

फोनच्या जीपीयूवर १६ बिटांचे फ्लोट गणित अनेकदा ३२ बिटांच्या दुप्पट वेगाने चालते आणि रजिस्टरही कमी लागतात, म्हणून शेडर शक्य तेवढे १६ बिटांत लिहावे असा सल्ला दिला जातो. सल्ला योग्य आहे, परंतु जीजीएक्सचे सूत्र जसेच्या तसे १६ बिटांत टाकले तर कळशीवरच्या चकाकीचे चौकोनी तुकडे पडतात.

कारण असे आहे. १६ बिटांत १ च्या लगेच खालची संख्या सुमारे ०.०००४९ ने कमी असते, त्यामुळे १ − (एन·एच)² ही राशी चकाकीच्या मध्याजवळ जवळपास ०.००१ च्या टप्प्यांनी उड्या मारते. रफनेस ०.१ असेल तर अल्फाचा वर्ग ०.०००१ असतो, म्हणजे टप्पाच त्याच्या दहापट मोठा होतो आणि चकाकीचा आकार त्या उड्यांत हरवतो. उपाय सुरेख आहे: एकक लांबीच्या दोन सदिशांसाठी १ − (एन·एच)² हे एन आणि एच यांच्या सदिश गुणाकाराच्या लांबीच्या वर्गाइतकेच असते. सदिश गुणाकाराचे घटक शून्याच्या जवळ असतात आणि फ्लोटची अचूकता शून्याजवळच सर्वाधिक असते. सूत्राच्या छेदात हा वर्ग आणि (एन·एच)² × अल्फा² यांची बेरीज घ्यावी, म्हणजे तेच गणित १६ बिटांतही गुळगुळीत उतरते.

दुसरी मर्यादा मूल्यांच्या आवाक्याची आहे. १६ बिटांत सर्वांत मोठी संख्या ६५,५०४ आहे. रफनेस ०.०४५ घेतला तर वितरणाचे शिखर ७७,००० च्या पुढे जाते आणि उत्तर अनंत होते; मग ब्लूम (प्रखर भागांभोवतीची प्रभा) लावताना तो एक पिक्सेल आजूबाजूचा सगळा भाग पांढरा करतो. खालच्या बाजूला, पूर्ण अचूकतेची सर्वांत लहान संख्या ०.००००६१ आहे, आणि तिच्याहून लहान संख्या काही जीपीयू सरळ शून्य धरतात. रफनेस किमान ०.०८९ ठेवला तर त्याचा चौथा घात, म्हणजेच अल्फाचा वर्ग, ०.००००६२७ येतो व या सीमेच्या जेमतेम वर राहतो. म्हणून १६ बिटांसाठी ०.०८९ आणि ३२ बिटांसाठी ०.०४५ ही खालची मर्यादा ठेवावी. वस्तूची जागा, सावलीचे निर्देशांक आणि दिव्यापर्यंतचे अंतर मात्र ३२ बिटांतच मोजावे.

भोवतालचा उजेड

दिव्याचे गणित कितीही अचूक केले तरी कळशी तांब्याची वाटते ती तिच्यात उमटलेल्या ओसरीमुळे, आकाशामुळे आणि दारामुळे. धातूला स्वतःचा विखुरलेला रंग नसल्याने भोवताल काढून टाकला तर उरते ती काळी वस्तू आणि तिच्यावरचा एक ठिपका. म्हणून वेळ आणि काळजी खर्च करायची ती येथे. भोवताल एका क्यूबमॅपमध्ये, म्हणजे घनाच्या सहा बाजूंवर काढलेल्या चित्रात, असतो, आणि समीकरण त्याच्या प्रत्येक टेक्सेलची (टेक्स्चरमधल्या ठिपक्याची) बेरीज मागते. ती बेरीज आधी करून ठेवण्याच्या दोन वेगळ्या रीती आहेत, कारण विखुरलेला प्रकाश आणि चकाकी यांचा स्वभाव वेगळा आहे.

विखुरलेल्या प्रकाशासाठी रवी राममूर्ती आणि पॅट हॅनरहन यांनी २००१ मध्ये दाखवलेली रीत अजूनही सर्वोत्तम आहे. अर्धगोलावरची बेरीज घेताना भोवतालातले बारकावे पुसले जातात. स्फेरिकल हार्मोनिक्सच्या, म्हणजे गोलावरचा प्रकाश ढोबळापासून बारीकपर्यंतच्या पट्ट्यांत मांडणाऱ्या फलांच्या, भाषेत सांगायचे तर पहिल्या तीन पट्ट्यांना पाय, दोन-तृतीयांश पाय आणि एक-चतुर्थांश पाय असे वजन मिळते, त्यापुढच्या पट्टीचे वजन शून्यच असते आणि नंतरची वजने नगण्य होतात. म्हणून प्रत्येक रंगासाठी फक्त ९ गुणक, म्हणजे एकूण २७ संख्या, साऱ्या क्यूबमॅपचे काम करतात आणि सरासरी चूक सुमारे १ टक्का राहते. क्यूबमॅपच्या प्रत्येक टेक्सेलचा रंग, त्या दिशेतले ९ पायाभूत फलांचे मूल्य आणि टेक्सेलचा घनकोन (मध्यातून पाहता तो व्यापतो तेवढा भाग) यांचा गुणाकार करून बेरीज घ्यावी. बाजूला के टेक्सेल असतील आणि टेक्सेलचे निर्देशांक −१ ते १ या पल्ल्यात एस आणि टी असतील, तर घनकोन ४ ÷ [के² × (१ + एस² + टी²) चा दीड घात] इतका येतो. सहाही बाजूंच्या घनकोनांची बेरीज चार पाय, म्हणजे १२.५६६ च्या अगदी जवळ, यायला हवी. ती आली नाही तर पुढे जाऊ नये. वजने, पायाने भागणे आणि फलांचे स्थिरांक हे सर्व गुणकांमध्ये आधीच गुणून ठेवावे, म्हणजे पिक्सेल शेडरमध्ये थोडे गुणाकार आणि बेरजा एवढेच उरते. एक पथ्य पाळावे: सूर्याची तबकडी क्यूबमॅपमधून काढून तिला स्वतंत्र दिवा करावे. ती तशीच राहिली तर ९ गुणकांना तिचा प्रखरपणा झेपत नाही, उलट बाजूला ऋण प्रकाश येतो, आणि सूर्य दिवा म्हणूनही असेल तर तो दोनदा मोजला जातो.

चकाकीसाठी एपिक गेम्सच्या ब्रायन कॅरिस यांनी २०१३ मध्ये मांडलेली रीत वापरावी. एका मोठ्या बेरजेचे दोन बेरजांच्या गुणाकारात रूपांतर करायचे: पहिली बेरीज भोवतालाच्या प्रकाशाची, जी परावर्तनाची दिशा आणि रफनेस यांवरच अवलंबून राहते, दुसरी पृष्ठभागाच्या प्रतिसादाची, जी एन·व्ही आणि रफनेस यांवरच अवलंबून राहते. गणिताच्या दृष्टीने हे रूपांतर तंतोतंत नाही. भोवताल सर्वत्र सारखा असेल तर ते अचूक असते, इतरत्र जवळपास बरोबर येते.

पहिल्या बेरजेसाठी क्यूबमॅपच्या मिप पातळ्या (निम्म्या-निम्म्या आकाराच्या लहान प्रती) वापरतात. बाजूला २५६ टेक्सेलपासून ८ पर्यंत सहा पातळ्या ठेवल्या तर त्यांना ०, ०.२, ०.४ असा १ पर्यंतचा रफनेस देता येतो. प्रत्येक पातळीवर जीजीएक्सच्या वितरणाप्रमाणे दिशा निवडाव्यात, त्या दिशांचा प्रकाश एन·एल च्या वजनाने जोडावा आणि वजनांच्या बेरजेने भागावे. दिशा यदृच्छ न घेता हॅमर्सली क्रमाने, म्हणजे सारख्या पसरलेल्या ठरावीक क्रमाने, घ्याव्यात. तरीही खिडकीसारखा प्रखर भाग भोवतालात असेल तर खरखरीत पातळ्यांवर पांढरे ठिपके उरतात. तेव्हा प्रत्येक नमुना मूळ क्यूबमॅपच्या कोणत्या मिपमधून वाचायचा ते नमुन्याच्या वाट्याला येणारा घनकोन भागिले एका टेक्सेलचा घनकोन, या गुणोत्तराच्या दोन-पायाच्या लॉगरिदमच्या निम्म्याने ठरवावे. या एका बदलाने हजारभर नमुन्यांचे काम काही डझन नमुन्यांत होते, आणि दिवसाचा उजेड बदलत असेल तर क्यूबमॅप चालू खेळात नव्याने गाळणेही परवडते. मेमरीचा हिशेबही पाहावा: १६ बिटांच्या चार चॅनेलमध्ये असा क्यूबमॅप सर्व मिप धरून सुमारे ४ एमबी होतो, डेस्कटॉपवर बीसी६एच प्रकारात दाबला तर अर्ध्या एमबीत मावतो.

दुसरी बेरीज सर्व द्रव्यांसाठी आणि सर्व दृश्यांसाठी एकच असते, म्हणून ती एकदा काढून १२८ × १२८ च्या, दोन चॅनेलच्या तक्त्यात ठेवावी. १६ बिटांत तो ६४ केबीचा होतो. शेडर त्यातून दोन संख्या वाचतो, पहिलीला एफ-शून्यने गुणतो आणि दुसरी मिळवतो. या तक्त्याचे सॅम्पलिंग कडेला थांबणारे ठेवावे. ते पुनरावृत्तीचे राहिले तर वस्तूच्या कडांवर तक्त्याच्या विरुद्ध टोकाचे मूल्य येते आणि कळशीच्या कडेला विचित्र काळी किंवा पांढरी रेघ उमटते. ही चूक शोधायला फार वेळ लागतो, कारण सगळे शेडरमध्येच पाहत बसतात.

या रीतीत काय हरवते तेही सांगायला हवे. पहिली बेरीज काढताना डोळा नेहमी समोरच आहे असे धरलेले असते. त्यामुळे घोटीव कोब्यावर तिरप्या नजरेने पाहताना दाराचे प्रतिबिंब जसे उभे लांबट पसरायला हवे तसे पसरत नाही. जमीन हाच दृश्याचा मुख्य भाग असेल तर तिच्यासाठी स्क्रीन-स्पेस परावर्तन (पडद्यावर आधीच काढलेल्या चित्रातूनच प्रतिबिंब घेणे) वापरावे. शिवाय क्यूबमॅप अनंत अंतरावरचा असतो, म्हणून कळशीच्या आत आणि बुडाखालीही आकाशाची चमक झिरपते. ऑक्लूजनचे मूल्य, एन·व्ही आणि रफनेस यांवरून चकाकीही त्या ठिकाणी कमी करावी.

खरखरीत धातूंबाबत आणखी एक दुरुस्ती स्वस्तात मिळते. वरचे सूत्र फक्त एकदा परावर्तित झालेला प्रकाश मोजते; एका आरशावरून दुसऱ्यावर जाऊन बाहेर पडणारा प्रकाश सोडून देते. त्यामुळे रफनेस वाढवत नेला की तांबे काळपट दिसू लागते. तक्त्यातून वाचलेल्या दोन संख्यांची बेरीज आपल्याकडे आहेच. एक भागिले ती बेरीज, त्यातून एक वजा, त्याला एफ-शून्यने गुणून एक मिळवावा आणि चकाकीला त्याने गुणावे. खर्च नगण्य आहे, आणि तांब्याचा रंग खरखरीत भागांत उलट अधिक गडद लालसर होतो, जसा तो प्रत्यक्षातही दिसतो.

दिवे अनेक असतील तर

एका दिव्याऐवजी शंभर दिवे असतील तर प्रत्येक पिक्सेलने सर्व दिवे तपासणे परवडत नाही. ओला ओल्सन, मार्कुस बिलेटर आणि उल्फ असारसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली क्लस्टर पद्धत वापरावी: कॅमेऱ्यासमोरची जागा, समजा १६ × ९ × २४ म्हणजे ३,४५६ कप्प्यांत वाटायची, खोलीच्या दिशेचे कप्पे दूर जाताना वाढत्या जाडीचे ठेवायचे, आणि कॉम्प्यूट शेडरने (जीपीयूवर नुसते गणित करणाऱ्या प्रोग्रामने) फ्रेमला एकदा प्रत्येक कप्प्याला स्पर्श करणाऱ्या दिव्यांची यादी करायची. पिक्सेल फक्त आपल्या कप्प्याची यादी वाचतो.

फोनवर डिफर्ड पद्धत (द्रव्याची मूल्ये आधी पडद्याएवढ्या टार्गेटांत लिहून प्रकाश नंतर मोजणे) निवडण्याआधी बँडविड्थचा, म्हणजे मेमरीतून ये-जा करणाऱ्या डेटाचा, हिशेब करावा. चार आठ-बिटी आरजीबीए टार्गेट आणि खोली मिळून पिक्सेलला २० बाइट होतात; वर सांगितलेल्या पडद्यासाठी ते एकदा लिहिणे आणि एकदा वाचणे म्हणजे सेकंदाला जवळपास ५ जीबी. टाइलवर (पडद्याच्या छोट्या तुकड्यांवर) चालणाऱ्या जीपीयूमध्ये हा डेटा चिपवरच ठेवण्याची सोय वापरता आली तर ठीक, अन्यथा क्लस्टरसह फॉरवर्ड पद्धतच (वस्तू रंगवतानाच प्रकाश मोजणे) बरी.

हार्डवेअरचा स्वभाव

जीपीयू पिक्सेल एकेकटे रंगवत नाही. एनव्हिडियाच्या जीपीयूंवर ३२ धागे एकत्र एकाच सूचनेवर चालतात. एएमडीच्या जीसीएन रचनेत हा गट ६४ चा असतो. गटातल्या एका पिक्सेलने अटीची एक बाजू घेतली आणि बाकीच्यांनी दुसरी, तर सर्वांना दोन्ही बाजूंचा वेळ लागतो. म्हणून धातू आणि अधातू यांसाठी अट न लिहिता मेटॅलिकच्या प्रमाणात मूल्ये मिसळावीत. मात्र दिव्याच्या त्रिज्येबाहेरचा भाग सोडून देणारी अट ठेवावी, कारण शेजारचे पिक्सेल सहसा एकाच बाजूला पडतात. त्याचप्रमाणे पिक्सेल २ × २ च्या चौकडीत रंगवले जातात, त्यामुळे एका पिक्सेलएवढा त्रिकोणही चार पिक्सेलचे काम करवतो. दूरच्या वस्तूंना कमी त्रिकोणांचे रूप देणे हा म्हणूनच प्रकाशाचा खर्च कमी करण्याचाही उपाय आहे.

याच चौकडीचा एक फायदा घेता येतो. नॉर्मल मॅप असलेली गुळगुळीत वस्तू दूर गेली की चकाकी फ्रेमगणिक लुकलुकते, कारण एका पिक्सेलमध्ये अनेक नॉर्मल दाटीने येतात आणि शेडर त्यांतला एकच पाहतो. शेजारच्या पिक्सेलमधील नॉर्मलचा फरक जीपीयूकडून आयता मिळतो. आडव्या आणि उभ्या फरकांच्या लांबीचे वर्ग जोडून, त्याला ठरावीक गुणकाने गुणून, ०.१८ च्या आसपास कमाल मर्यादा घालून ती राशी अल्फाच्या वर्गात मिळवावी. चकाकी किंचित रुंद होते आणि लुकलुक शांत होते. दोन-चार सूचनांच्या खर्चात इतका फरक देणारे दुसरे काही माझ्या माहितीत नाही.

तपासणी आणि मोजणी

बरोबर आणि वेगवान या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात, आणि बरोबरचा क्रम आधी ठेवावा. भोवताल सर्वत्र १ इतका पांढरा करावा आणि एफ-शून्य १ असलेला धातूचा गोल त्यात ठेवावा. प्रत्येक रफनेसला गोल पार्श्वभूमीत पूर्ण मिसळून दिसेनासा झाला पाहिजे. तो काळा दिसला तर ऊर्जा हरवते आहे, उजळ दिसला तर कोठेतरी पायाने भागायचे राहिले आहे किंवा एखादे पद दोनदा गुणले गेले आहे. त्यानंतर तेच दृश्य हजारो नमुने घेणाऱ्या पाथ ट्रेसरने (प्रकाशाच्या वाटा एकेक मोजणाऱ्या संथ पण अचूक प्रोग्रामने) एकदा रंगवून शेजारी ठेवावे आणि दोन्हींतील फरकाचे चित्र पाहावे. हे संदर्भचित्र नसेल तर कोणती तडजोड पटण्यासारखी आहे याचा वाद केवळ आवडीनिवडीवर येतो.

वेग मोजताना फ्रेमचा दर पाहू नये, जीपीयूच्या टायमर क्वेरींतून प्रत्येक टप्प्याचे मिलिसेकंद घ्यावेत. पडद्याची लांबी-रुंदी निम्मी करून पाहावी: पिक्सेल एक-चतुर्थांश झाल्यावर वेळही साधारण त्याच प्रमाणात घटला तर खर्च पिक्सेल शेडरचा आहे; फारसा घटला नाही तर त्रिकोणांकडे किंवा सीपीयूकडे पाहावे. मग सर्व टेक्स्चरांच्या जागी एका टेक्सेलचे टेक्स्चर लावून पाहावे. वेळ एकदम कमी झाला तर अडचण गणिताची नसून मेमरीची आहे, आणि सूत्र सोपे करण्यापेक्षा टेक्स्चर दाबणे व चॅनेल एकत्र करणे उपयोगी ठरेल. फोनवर ही मोजणी यंत्र गार असताना करून थांबू नये. काही मिनिटे सलग चालल्यावर उष्णतेमुळे जीपीयूचा वेग उतरतो, आणि वापरणाऱ्याच्या हातात असतो तो त्या उतरलेल्या वेगाचाच फोन. म्हणून १६.६७ मिलिसेकंदांचा हिशेब त्या अवस्थेत जुळवावा, आणि तोही प्रकाशासोबत सावल्या, इंटरफेस व बाकीच्या खेळासाठी जागा सोडून.